न लपवलेली भाजी : मुलुंडच्या एका पाळणाघरातलं प्रकरण

पार्श्वभूमी

मुलुंड पूर्वेला एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, दोन खोल्यांत हे पाळणाघर चालतं. मुलं चौदा, वय दोन ते पाच. बहुतेकांचे आई-वडील दोघंही नोकरीला, कुणी फोर्टला, कुणी परळला, कुणी ऐरोलीला. मुलं सकाळी साडेआठच्या सुमारास येतात आणि लोकलच्या कृपेनुसार सात-साडेसातला घरी जातात. सकाळचा खाऊ, दुपारचं जेवण, संध्याकाळचं खाणं, सगळं इथेच. घरची भाजी त्यांच्या वाट्याला येते ती रात्री, आई-बाबा दमलेले असताना आणि मूल पेंगुळलेलं असताना. त्यामुळे दुपारची ती एक वाटी महत्त्वाची.

पाळणाघर चालवणाऱ्या बाईंना मुलं आणि पालक सगळेच ताई म्हणतात. स्वयंपाकाला एक मावशी येतात, मुलांना सांभाळायला दोन मदतनीस आहेत. मी आहारतज्ज्ञ म्हणून या भागातल्या काही बालवाड्यांचं काम पाहते. ताईंनी मला जूनमध्ये बोलावलं. कुणाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, घडलेल्या गोष्टी मात्र आहेत तशाच मांडल्या आहेत.

अडचण

ताईंचं म्हणणं थोडक्यात असं : “मुलं वरण-भात खातात, पोळी खातात, भाजीची वाटी तशीच परत येते. पालक विचारतात, आज भाजी खाल्ली का? खोटं बोलवत नाही आणि खरं सांगितलं की त्यांचा चेहरा उतरतो.”

मी सल्ला देण्याआधी काही दिवस नुसतं स्वयंपाकघरात बसायचं ठरवलं. मुलं हट्टी आहेत असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. ते तपासून पाहायचं तर भाजी कढईत पडते तिथून ती मुलाच्या तोंडापर्यंत कशी पोचते हे बघायला हवं होतं.

मावशी सकाळी साडेआठला येत, दहापर्यंत सगळा स्वयंपाक उरकत आणि अकराच्या ठोक्याला दुसऱ्या घरी पोळ्यांना जात. मुलं जेवायला बसत साडेबाराला. मधले अडीच तास भाजी हॉटकेसमध्ये. मी झाकण उघडलं तेव्हा फ्लॉवरचा असा उग्र वास आला की मलाच मागे सरावं लागलं. कोबी, फ्लॉवर या वर्गातल्या भाज्यांमध्ये गंधकाची संयुगं असतात. त्या जितक्या जास्त शिजतात तितका हा वास वाढतो, आणि हॉटकेसमध्ये भाजी गरम राहते म्हणजे शिजतच राहते. भेंडीचं तर लिबलिबीत गिच्च झालेलं.

दुसरी गोष्ट, “मुलांची भाजी” म्हणून मावशी सगळ्यातलं तिखट काढत, आणि तिखटाबरोबर फोडणीही काढत. दुधी, गाजर, फरसबी, बटाटा कुकरला लावून, घोटून, मीठ घालून वाटीत. रोज भाज्या वेगळ्या, रंग आणि चव मात्र एकच. तीन वर्षांच्या मुलाला त्यात दुधी कुठला आणि फरसबी कुठली हे कळायला मार्ग नव्हता. जे ओळखता येत नाही ते तोंडात घालायचं नाही, ही या वयाची अगदी शहाणी सवय आहे. साधारण दोन ते सहा वर्षांच्या काळात नवीन पदार्थाची भीती सर्वांत जास्त असते. कडू चवही लहान मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त जाणवते आणि बऱ्याच भाज्यांमध्ये थोडा कडवटपणा असतोच.

चौदा मुलांत दोन मुलं वेगळी होती. एक साडेतीन वर्षांची मुलगी फक्त दही-भात आणि बिस्किटं खायची. काहीही ओलसर, पातळ दिसलं की ती वाटी दूर सारायची. दुसरा सव्वातीन वर्षांचा मुलगा. त्याला कुठलाही गोळा तोंडात आला की उमासा यायचा, डोळ्यांत पाणी यायचं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय ताईंनी आणि बऱ्याच आयांनी आधीच निवडलेला होता : लपवा. पालकाच्या पुऱ्या, बीटचे पराठे, सगळं घोटून पावभाजी. यात वाईट काही नाही, पराठ्यातलं बीट पोटात जातंच. पण मूल भाजी खायला शिकत नाही, ते पराठा खायला शिकतं. वर एखाद्या दिवशी पुरीत पालकाचा तुकडा दिसला की पुरीवरचाही विश्वास उडतो. त्या मुलीच्या बाबतीत घरी हेच झालं होतं. पूर्वी ती आवडीने पराठे खायची. त्यात काहीतरी घातलेलं असतं हे कळल्यापासून तिने पराठे सोडले होते.

दुसरा पर्याय बक्षिसाचा : भाजी संपव, मग बिस्किट, मग कार्टून. हा मला ठामपणे नको होता. लिअॅन बर्च या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मुलांच्या आवडीनिवडींवर पुष्कळ काम केलं. त्यातून दिसलं की एखादा पदार्थ खाल्ल्याबद्दल बक्षीस दिलं की त्या पदार्थाची आवड उलट कमी होते. ज्याच्यासाठी लाच द्यावी लागते ते वाईटच असणार, असा हिशेब मूल करतं.

तिसरा, घरून डबे मागवायचे. सकाळी सव्वासातची लोकल धरणाऱ्या आईला अजून एक भाजी करायला सांगणं मला बरं वाटेना, आणि सहा तास डब्यात राहिलेल्या भाजीचं काय होतं ते आम्ही हॉटकेसमध्ये पाहिलंच होतं.

चौथा पर्याय सगळ्यांत कष्टाचा. भाजी तिच्या स्वतःच्या रूपात, नीट शिजवून, ताजी वाढायची, ती खायची की नाही हे मुलावर सोडायचं आणि न कंटाळता पुन्हा पुन्हा वाढत राहायचं. बर्च यांच्या १९८२ च्या प्रयोगात दोन वर्षांच्या मुलांना नवखे पदार्थ दोनपासून वीस वेळांपर्यंत चाखायला दिले होते. जो पदार्थ जास्त वेळा चाखला तो जास्त आवडला. आपल्या घरांत तिसऱ्या नकारालाच “याला भोपळा आवडत नाही” असा शिक्का बसतो. चाखण्याची संधी तिथेच संपते.

ताईंनी चौथा पर्याय निवडला. पालकांना “संपवली” असं सांगण्याची सोय त्यात बराच काळ मिळणार नव्हती, हे ठाऊक असूनही.

पहिला अवघड निर्णय : मावशींची वेळ

भाजी बारा वाजता कढईतून उतरली पाहिजे, हे उघड होतं. मावशी अकराला जाणार, हेही उघड होतं. मावशींना वेळ बदला म्हणणं म्हणजे त्यांचं दुसरं काम घालवणं. ताईंनी विचारलं तेव्हा त्यांना आधी वाईटच वाटलं. “एवढी वर्षं करतेय, माझ्या हातची भाजी बिघडते का हो आता?” ताईंनी त्यांच्यासमोर हॉटकेस उघडला आणि म्हणाल्या, “मावशी, तुम्ही गॅसवरून उतरवता तेव्हाची चव मुलांना मिळतच नाहीये. ती मिळायला हवी.” हे खरं होतं आणि त्यात मावशींचा मान राखलेला होता.

तोडगा असा निघाला : वरण, भात, पोळ्या मावशी करणार. भाजी निवडून, धुऊन, चिरून, फोडणीचं सामान वाटीत काढून ठेवणार. बाराला फोडणी घालणार मदतनीस, मावशींनी शिकवलेल्या पद्धतीने. शिकवण्याच्या वेळेचे वेगळे पैसे ताईंनी दिले. ती मदतनीस मुलगी बावीस वर्षांची, तिला स्वयंपाक फारसा येत नव्हता. पहिल्या काही भाज्या करपल्या, एकदा मीठ दोनदा पडलं. ताई डगमगल्या नाहीत याचं मला फार कौतुक वाटतं.

काय शिजवलं आणि कसं

इथे मी सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते प्रकरणाचा जीव इथेच आहे. आम्ही प्रत्येक भाजीबद्दल एकच प्रश्न विचारला : मुलाला हिच्यातलं नेमकं काय नको असतं?

भेंडीत नको असतो तो बुळबुळीतपणा. तो पाण्याने वाढतो. म्हणून भेंडी धुऊन फडक्यावर पसरून पूर्ण कोरडी करायची, मग उभे लांब काप. लोखंडी कढईत तेल, जिरं, हिंग, हळद, भेंडी, आणि झाकण अजिबात नाही. आंबट घातलं की तार तुटते, म्हणून एखादं आमसूल. मीठ अगदी शेवटी. कडा कुरकुरीत होईपर्यंत परतलेली भेंडी मुलं हाताने उचलून खाऊ लागली. उभे काप त्यासाठीच, छोट्या बोटांत धरता येतात.

फ्लॉवरचे बोराएवढे तुरे, कोरडे करून, थोड्या जास्त तेलावर मोठ्या आचेवर. कडा बदामी झाल्या की वास गोडसर होतो. कोबी अगदी बारीक चिरून चार-पाच मिनिटं परतायचा, दाताखाली करकरला पाहिजे, वरून ओलं खोबरं.

लाल भोपळा मुळात गोड, त्याच्यावर फार काही करावं लागत नाही. जिऱ्याची फोडणी, झाकणावर पाणी ठेवून वाफ, किंचित गूळ, खोबरं. पण घोटायचा नाही. फोडी अख्ख्या राहतील इतपतच शिजवायचा, कारण गिच्च भोपळा हीच तर मुलांची तक्रार होती. त्याचं दह्यातलं भरीत मात्र दोन वर्षांच्या पिल्लांनी चमच्याने मिटक्या मारत खाल्लं.

दुधीला स्वतःची चव कमी आणि पाणी फार. त्याचे मुटके केले : किसलेला दुधी, कणीक, थोडं बेसन, ओवा, तीळ, वाफवून मग परतलेले. मुटक्यांत दुधी आहे हे आम्ही सांगितलं, किसताना दाखवलंही. दुधीबद्दल एक नियम स्वयंपाकघरात कायमचा लावला : चिरल्यावर छोटा तुकडा मोठ्या माणसाने चाखायचा, कडू लागला तर अख्खा दुधी टाकून द्यायचा. कडू दुधीतली कुकर्बिटासिन नावाची द्रव्यं विषारी असतात आणि शिजवूनही जात नाहीत. मुलाने “कडू आहे” म्हटलं तर त्याला कधीही दटावायचं नाही, हेही त्यात आलंच.

गवारीचा कडवटपणा ओवा, दाण्याचं कूट आणि गुळाने सौम्य होतो, शिरा मात्र मन लावून काढाव्या लागतात. दाण्याच्या कुटाआधी कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का हे सगळ्या पालकांना विचारून घेतलं. अख्खे दाणे, कच्च्या गाजराच्या चकत्या, कडक तुकडे या वयात घशात अडकू शकतात, म्हणून गाजर किसून किंवा उभं चिरून मऊ वाफवलेलं.

पालक झाकण न ठेवता शिजवला की हिरवा राहतो, झाकला की मळकट होतो. रंग मुलांना दिसतो, फार दिसतो. ताकातल्या पातळ भाजीपेक्षा लसणीवर परतलेल्या कोरड्या पालकाला आमच्याकडे जास्त गिऱ्हाईक मिळालं.

तिखट शून्य, पण जिरं, हिंग, लसूण, ओवा, कोथिंबीर, खोबरं, लिंबू, सगळं होतं. बिनतिखट म्हणजे बेचव हा समज आमच्याकडच्या स्वयंपाकघरातून तरी गेला.

ताटाचा नियम

एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञांनी जबाबदारीची एक वाटणी सुचवली आहे : काय, कधी आणि कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, किती खायचं आणि खायचं का, हे मुलाने. आम्ही हेच घेतलं. भाजी फक्त एक छोटा चमचा, शेजारी ओळखीचा वरण-भात नेहमी. नको असेल तर कडेला ठेवायची मुभा. “खा ना, एकच घास” बंद, आणि “शाब्बास” सुद्धा बंद. ताई आणि मदतनीस त्याच वेळी, त्याच भाजीशी जेवायला बसू लागल्या. पूर्वी त्या दोनला जेवत, आणि मोठं माणूस भाजी खाताना मुलांना दिसतच नसे.

“शाब्बास” बंद करणं ताईंना सगळ्यांत जड गेलं. पण कौतुकाची वाट बघणारं मूल भाजीकडे बघत नाही, ताईंच्या तोंडाकडे बघतं, हे त्यांनी स्वतःच टिपलं.

दुसरा अवघड निर्णय : पालकांना काय सांगायचं

जुलैत ताई पालकांना रोज खरं सांगत होत्या : आज वास घेतला, आज बोट लावलं, आज चाटून ठेवली. एका आजोबांनी फोन केला, “आम्ही पैसे भरतो ते वास घ्यायला का?” त्यांचा राग समजण्यासारखा होता. नातू उपाशी राहील ही भीती खरी असते. इथे दोन वाटा होत्या, थोडे दिवस पुन्हा पावभाजी सुरू करायची किंवा पालकांना आत घ्यायचं. ताईंनी एका शनिवारी पालकांना जेवायला बोलावलं आणि तीच बिनतिखट भेंडी वाढली. आजोबांनी दुसऱ्यांदा मागून घेतली. त्यानंतर ताई व्हॉट्सअॅपवर त्या दिवशीची भाजी आणि ती कशी केली हे दोन ओळींत टाकू लागल्या. “तुमच्या मुलाने किती खाल्ली” हे मात्र ग्रुपवर कधीच नाही. मुलामुलांची तुलना सुरू झाली असती आणि आयांना आपली परीक्षा चालली आहे असं वाटलं असतं. गवारीला ओवा घालायची सूचना याच ग्रुपवर एका आजीकडून आली.

बीटची कोशिंबीर केली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दोन घाबरलेले फोन आले, लघवी लालसर झाली म्हणून. बीटने काहींना असं होतं, त्यात धोका नाही. बीट करायच्या दिवशी आधीच कळवलं पाहिजे, हे त्यातून पक्कं झालं.

ज्याला उमासे यायचे त्या मुलासाठी मी पहिल्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जायला सांगितलं. वजन वाढत नसेल, घास गिळताना ठसका किंवा उमासा येत असेल, मोजके चार-पाच पदार्थच चालत असतील, तर हा स्वयंपाकाचा प्रश्न समजून थांबू नये. त्याला चावायला शिकवणारी उपचारपद्धती सुरू झाली. पाळणाघरात त्याला मऊ, एकसारख्या पोताच्या भाज्या वेगळ्या दिल्या.

काय साधलं, काय नाही

भेंडी, भोपळा आणि फ्लॉवर गणपतीपर्यंत बहुतेक मुलं खाऊ लागली. सगळी नाही, रोज नाही, पण वाटी मागून घेणारी मुलं दिसू लागली. हिवाळ्यात ताजे मटार आले आणि काम सोपं झालं. शेंग तोडल्यापासून मटारातल्या साखरेचा स्टार्च होऊ लागतो, म्हणून ताजा मटार इतका गोड. मुलांनी शेंगा सोलल्या, निम्मे दाणे सोलतासोलताच तोंडात गेले. अडीच वर्षांखालच्यांना ते वाफवून, चेपून दिले. जानेवारीत भोगीची भाजी केली तेव्हा वांगं, गाजर, पावटे, हरभऱ्याचे सोलाणे सगळं आधी चटईवर मांडलं, मुलांनी हाताळलं, नावं घेतली. मिसळीची भाजी असूनही त्या दिवशी ती नाकारली गेली नाही. आतलं काय काय आहे ते त्यांना माहीत होतं.

साडेतीन वर्षांची ती मुलगी आता कुरकुरीत भेंडी, काकडी, भाजलेला फ्लॉवर खाते. रसाची भाजी अजूनही नाही. तिची आई म्हणाली, “ताई, ती आता ताटाला घाबरत नाही.” मला ही प्रगती मोठी वाटते.

दुधी मुटक्यांपलीकडे गेला नाही. मेथी सपशेल हरली. घरी रात्री काय होतं यावर आमचा फारसा परिणाम झाला नाही. साडेसातला घरी पोचणाऱ्या आईला भेंडी कोरडी करत बसायला वेळ नसतो. आता शुक्रवारी ताई हवं असेल त्याला निवडलेली गवार किंवा सोललेले मटार घरी देतात. चार-पाच घरं नेतात.

पुन्हा करायचं झालं तर

आम्ही शिजवण्याची वेळ, पद्धत आणि ताटाचे नियम जवळपास एकदमच बदलले. फरक पडला, पण कशामुळे किती, हे आज सांगता येत नाही. दुसऱ्या पाळणाघराला मी सांगेन की आधी फक्त वेळ बदला, भाजी ताजी वाढा आणि महिनाभर थांबून पाहा. माझा अंदाज आहे की निम्मं काम तिथेच होतं.

पालकांचं जेवण जुलैच्या रागानंतर झालं, ते पहिल्याच आठवड्यात व्हायला हवं. आजी-आजोबांना तर आधी बोलवावं, कारण संध्याकाळी मुलाला न्यायला बऱ्याचदा तेच येतात आणि “आज जेवलास का रे?” हा पहिला प्रश्न त्यांचाच असतो.

सुरुवात जूनमध्ये करायची असेल तर पालेभाज्यांच्या वाटेला जाऊ नये. पावसात पाला चिखलाने भरलेला, महाग आणि निवडायला वेळखाऊ असतो. भोपळा आणि भेंडीने सुरुवात करावी, पालेभाजी थंडीसाठी ठेवावी.

दोन वर्षांची आणि पाच वर्षांची मुलं एकाच पोताची भाजी खाणार नाहीत, हे आम्ही ऑगस्टमध्ये मान्य केलं. एकाच कढईतली थोडी भाजी लहानांसाठी जास्त वेळ शिजवून काढायला एक छोटं पातेलं पुरतं.

मदतनीस मुलीला महिनाभर आधी शिकवलं असतं तर पहिल्या आठवड्यातल्या करपलेल्या भाज्या टळल्या असत्या. आता ती मावशींच्या सुट्टीच्या दिवशी सगळा स्वयंपाक एकटी करते, आणि मेथीसाठी पीठ पेरून, लसूण जास्त घालून एक प्रयत्न येत्या आठवड्यात तीच करणार आहे.